घाबऱ्या जिवाला सुराचा आधार

मराठी वाचकाला बराकपूर माहीत असतं ते मंगल पांडेमुळे. २९ मार्च १८५७ रोजी इथल्या छावणीच्या मैदानावर त्याने गोरा अधिकारी पाहून बंदूक उचलली, हे आपण सगळेच शाळेत शिकलो. पण सियालदह स्टेशनवरून लोकल पकडून तासाभराच्या आत ज्या गावात उतरायचं, त्या बराकपूरला हुगळीच्या काठावर आणखी एक जागा आहे. तिचं नाव गांधी घाट. १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थींचा काही भाग इथे नदीत सोडला गेला आणि १५ जानेवारी १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते इथल्या स्मारकाचं उद्घाटन झालं. आराखडा होता हबीब रहमान या तरुण वास्तुविशारदाचा. अमेरिकेत शिकून आलेल्या या कोलकात्याच्या मुलाने मंदिराचं शिखर, मशिदीचा घुमट आणि चर्चचा क्रूस या तिन्हींच्या खुणा एकाच उंच स्तंभात गुंफल्या. दर ३० जानेवारीला तिथे सर्वधर्म प्रार्थना होते. भजन होतं, कुराणातल्या आयती म्हटल्या जातात, बायबलमधला उतारा वाचला जातो.

आपला विषय मात्र स्मारकाचा नाही, भीतीचा आहे. रात्री दोन वाजता छातीत धडधडायला लागतं, उद्याचं काय होणार या विचाराने डोळ्याला डोळा लागत नाही, परीक्षेच्या, ऑपरेशनच्या किंवा कोर्टाच्या तारखेच्या आदल्या दिवशी पोटात खड्डा पडतो, ती भीती. ज्या माणसाच्या अस्थी इथे विसर्जित झाल्या, तो माणूस लहानपणी कमालीचा भित्रा होता. अंधाराची भीती, चोरांची भीती, सापांची भीती, भुतांची तर फारच. हे त्यांनी स्वतःच आत्मकथेत लिहून ठेवलं आहे. घरात रंभा नावाची एक दाई होती. तिने या घाबरट पोराला एक साधा उपाय सांगितला: भीती वाटली की रामाचं नाव घेत राहा. पोराचा रामनामापेक्षा रंभावर जास्त विश्वास होता, म्हणून त्याने ते ऐकलं. काही दिवसांनी सुटलंही. पण बी रुजलं ते रुजलंच, असं गांधीजी म्हणतात. पुढे १९४६ मध्ये पुण्याजवळच्या उरुळीकांचनला निसर्गोपचाराचं काम सुरू केलं, तेव्हा माती, पाणी आणि साधा आहार यांच्या जोडीला त्यांनी आजाऱ्यांना रामनाम सांगितलं. तो रंभाचाच उपाय होता!

घाबरलेल्या माणसाने काहीतरी संथ, ओळखीचं, पुन्हा पुन्हा येणारं म्हणावं किंवा ऐकावं, हा उपाय कुठल्याही एका धर्माच्या मालकीचा नाही. बराकपूरचा परिसर त्याची साक्ष द्यायला फार सोयीचा आहे. कमरहाटीपासून टिटागढ, जगद्दल, भाटपाडा करत वर हालिसहरपर्यंत नदीकाठाने गेलं, की तागाच्या गिरण्यांची रांग लागते. शंभर वर्षांहून अधिक काळ बिहार आणि उत्तर प्रदेशातून कामगार येत राहिले. त्यामुळे एका गल्लीत उर्दू, दुसरीत हिंदी, तिसरीत बांगला. गिरणी कधी चालते, कधी टाळं लागतं. घरखर्चाची काळजी हा इथल्या घराघरातला जुना पाहुणा. शेजारीच लष्कराची छावणी आणि हवाई दलाचा तळ असल्याने देशभरातली बदलीवरची कुटुंबंही इथे नांदतात, त्यात आपली मराठी मंडळीही आली. एखाद्या घरात मोबाइलवर सूरह रहमानची तिलावत चालू असते, पलीकडे श्यामासंगीत, कुठे रवींद्रसंगीत, तर कुठे भीमसेनजींचे अभंग. हालिसहर हे तर रामप्रसाद सेनांचं गाव. अठराव्या शतकातला हा कवी जमीनदाराकडे कारकुनी करताना हिशेबाच्या वहीत कालीमातेची गाणी लिहायचा, अशी आख्यायिका बंगालमध्ये घरोघरी सांगतात. पैशाच्या काळजीने गांजलेल्या माणसाने जमाखर्चाच्या वहीतच आईला हाक मारावी, हे खरं असो वा नसो, पटण्यासारखं आहे.

पण हे सगळं मनाचे खेळ म्हणायचं, की शरीरातही काही घडतं?

मिनिटाला सहा श्वास

२००१ च्या डिसेंबरमध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक छोटा पण गमतीदार अभ्यास छापून आला. इटलीतल्या पाविया इथले डॉक्टर लुचियानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांना दोन गोष्टी म्हणायला लावल्या. एक, ख्रिस्ती जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना. दुसरी, 'ॐ मणि पद्मे हुम्' हा तिबेटी मंत्र. एरवी निवांत बसलेला माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. या दोन्ही पठणांत तो वेग आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला. कोणी श्वास मोजायला सांगितलं नव्हतं, प्राणायाम शिकवला नव्हता. ओळीची लांबीच अशी, की ती म्हणताना श्वास तेवढा लांबतो. आणि या वेगाला हृदयाचे ठोके आणि रक्तदाब यांच्या नैसर्गिक लाटा श्वासाशी जुळून येतात, रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा अधिक तरतरीत होते, असं त्यांना आढळलं.

याच लेखात त्यांनी एक अंदाजही मांडला. जपमाळ युरोपात आणली ती धर्मयुद्धांवरून परतलेल्या लोकांनी, त्यांनी ती अरबांकडून घेतली आणि अरबांकडे ती तिबेटी भिक्षू आणि भारतातल्या योग्यांकडून गेली असावी. म्हणजे आजीच्या हातातली तुळशीची माळ, शेजारच्या चाचींची तसबीह आणि गोव्यातल्या मावशीची रोझरी ही एकाच कुटुंबातली माणसं निघाली!

याच्या मागचं शास्त्र फार अवघड नाही. भीती वाटली की श्वास उथळ आणि भराभर होतो, नाडी धावते, हातापायांना घाम सुटतो. शरीर पळायच्या किंवा लढायच्या तयारीत उभं राहतं. नाडीवर किंवा घामावर आपला थेट ताबा नसतो, पण श्वासावर थोडाफार असतो. श्वास सावकाश सोडला, की मेंदूपासून छाती-पोटापर्यंत उतरणारी व्हेगस नावाची नस हृदयाला 'दमानं घे' असा निरोप देते. दुसरी गोष्ट लक्षाची. काळजी करणारं मन एकच विचार जात्यासारखं फिरवत राहतं. कानावर येणारा आवाज त्याला धरायला दुसरा खुंटा देतो.

इथे एक फरक सांगायलाच हवा. पावियातली माणसं स्वतः म्हणत होती, नुसती ऐकत नव्हती. ऐकताना श्वास तितका हमखास मंदावत नाही. म्हणून ऐकता ऐकता ओठांत पुटपुटणारे आपले आजी-आजोबा जास्त शहाणे म्हणायचे.

तिलावत म्हणजे गाणं नव्हे

मुसलमान घरांमध्ये कुराणपठणाला गाणं म्हटलेलं आवडत नाही आणि त्यामागे कारण आहे. पठणाचे नियम ठरलेले आहेत, त्या शास्त्राला तजवीद म्हणतात. कुठलं अक्षर घशातून काढायचं, कुठलं जिभेच्या टोकाने, कुठला स्वर दोन मात्रा ओढायचा आणि कुठला सहा, कुठे थांबायलाच हवं आणि कुठे थांबू नये, याच्या खुणा छापील प्रतीतसुद्धा असतात. वाद्य नाही, ठेका नाही. कारी, म्हणजे पठण करणारा, एका दमात ओळ पुरी करतो, थांबतो, श्वास भरतो आणि पुढे जातो. दोन ओळींमधली ती शांतता अतिशय महत्त्वाची. इजिप्तचे शेख महमूद खलील अल-हुसरी यांनी १९६१ मध्ये संपूर्ण कुराणाचं संथ शैलीतलं पहिलं ध्वनिमुद्रण केलं. कैरो रेडिओने १९६४ मध्ये फक्त कुराणासाठी वेगळं केंद्र सुरू केलं. त्यानंतर कॅसेटच्या जमान्यात अल-हुसरी आणि कारी अब्दुल बासित यांचे आवाज जगभर पोहोचले. आपल्याकडे मिरज-सांगलीपासून कोकणातल्या मुसलमान वाड्यांपर्यंत अब्दुल बासित यांची कॅसेट नसलेलं घर शोधावं लागलं असतं. अल-हुसरींच्या धीम्या पठणाला 'मुरत्तल' म्हणतात. आलापासारख्या उंच उठणाऱ्या, श्रोत्यांना डोलायला लावणाऱ्या शैलीला 'मुजव्वद'. अस्वस्थ माणसाला पहिली जास्त मानवते, कारण तिच्यात धक्के नाहीत.

एक शिष्टाचारही आहे. पठण चालू असताना गप्प बसून ऐकायचं असतं. भांडी घासताना, टीव्हीवर मॅच बघताना पार्श्वसंगीत म्हणून ते लावणं भाविकांना रुचत नाही. धर्माची बाजू सोडली तरी हा नियम मनाच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे. अर्धवट कानाने ऐकलेल्या सुराने फारसं काही साधत नाही.

इराण, मलेशिया अशा देशांत रुग्णालयांमध्ये याचे बरेच प्रयोग झाले. हृदयाच्या शस्त्रक्रियेआधी, बाळंतपणात, डायलिसिसवर असताना रुग्णांना हेडफोनवरून पठण ऐकवायचं आणि प्रश्नावलीने चिंता मोजायची. २०१८ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा छापून आला आणि बहुतेकांत चिंता उतरल्याचं दिसलं. मात्र हे वाचून लगेच निष्कर्षाला जाऊ नये. बहुतेक प्रयोग लहान होते. आपण काय ऐकतोय हे रुग्णाला ठाऊक असतंच, त्यामुळे औषधाच्या चाचणीत देतात तशी 'खोटी गोळी' इथे देता येत नाही. शिवाय ऐकणारे जवळजवळ सगळे श्रद्धावान मुसलमान. त्यांना लहानपणापासून हा आवाज म्हणजे घर. तोच परिणाम पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या आजोबांवर होईल, असं नाही. त्यांना रामरक्षाच लागेल.

गोळी की गाणं?

संगीताबद्दलचा पुरावा यापेक्षा भक्कम आहे. वैद्यकीय चाचण्यांची छाननी करणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २०१३ मध्ये २६ चाचण्या आणि २०५१ रुग्णांचा आढावा घेतला. प्रश्न साधा होता: ऑपरेशनची वाट पाहणाऱ्या माणसाला संगीत ऐकवलं तर त्याची भीती कमी होते का? उत्तर आलं, होते. २० ते ८० गुणांच्या चिंतामापन प्रश्नावलीत सरासरी सुमारे पावणेसहा गुणांनी. फार मोठी उडी नव्हे, पण कसलाही दुष्परिणाम नसलेल्या, जवळजवळ फुकट मिळणाऱ्या गोष्टीकडून आणखी काय मागायचं? २००९ मध्ये स्वीडनमध्ये तर ऑपरेशनआधी काही रुग्णांना मिडाझोलाम ही धास्ती घालवणारी गोळी दिली आणि काहींना नुसतं शांत संगीत. संगीतवाल्यांची चिंता गोळीवाल्यांपेक्षा जास्त उतरली.

आता आपल्याकडची एक खोड. अमुक राग ऐका, रक्तदाब जाईल, तमुक राग ऐका, मधुमेह पळेल, असे तक्ते दिवाळी अंकांतून आणि हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत असतात. पंडित ओंकारनाथ ठाकूर १९३३ मध्ये रोममध्ये मुसोलिनीसमोर पूरिया गायले आणि निद्रानाशाने हैराण झालेला तो हुकूमशहा झोपला, ही गोष्टही हमखास त्यात असते. गोष्ट खुद्द पंडितजीच सांगत. पण एका माणसाच्या एका रात्रीच्या झोपेवरून औषधाचा गुण ठरवत नाहीत. कुठला राग कुठल्या रोगावर, याला आजवर भक्कम आधार मिळालेला नाही. चाचण्यांतून पुन्हा पुन्हा दिसतं ते एवढंच, की लय संथ असावी, आवाज बेताचा असावा आणि ऐकणाऱ्याला ते आवडीचं असावं.

रोग्याला सूर ऐकवण्याची कल्पना मात्र पुष्कळ जुनी. तुर्कस्तानातल्या एदिर्ने शहरात सुलतान दुसरा बायजीद याने १४८८ मध्ये मोठं रुग्णालय उभारलं. तिथे मनोरुग्णांसाठी गायक-वादक नेमलेले होते, असं सतराव्या शतकातला प्रवासी एव्लिया चेलेबी याने लिहून ठेवलं आहे. मध्यभागी घुमटाखाली कारंजं, भोवती खोल्या, म्हणजे पाण्याचा आणि वाद्यांचा आवाज सगळ्यांपर्यंत पोहोचावा. त्या काळात युरोपातल्या कित्येक ठिकाणी वेड्यांना साखळदंडाने बांधून ठेवत, हे लक्षात घेतलं की या वास्तूचं मोल कळतं. आज तिथे संग्रहालय आहे.

एवढं लांब कशाला, आपलं मिरज काय वाईट आहे? खाँसाहेब अब्दुल करीम खाँ प्लेगने आजारी असताना ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्यात येऊन गायले आणि बरे झाले, अशी तिथली श्रद्धेची कथा. मग ते मिरजेचेच झाले. कथा बाजूला ठेवली तरी त्यांच्या शेवटाबद्दल शंका नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये ते मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते. गाडीत छातीत दुखू लागलं. सिंगपेरुमाळकोविल नावाच्या लहानशा स्टेशनवर ते उतरले. फलाटावरच बिछाना अंथरायला सांगितला, नमाज पढले आणि दरबारी कानड्याच्या सुरांत ईश्वराची प्रार्थना म्हणू लागले. म्हणता म्हणताच गेले. तिलावत कुठे संपते आणि संगीत कुठे सुरू होतं हा वाद पंडित आणि मौलवी घालत राहोत. त्या फलाटावर, अनोळखी गावात, मृत्यू समोर दिसत असताना या माणसाने दोन्ही एकत्र हाताशी घेतलं. त्यांची कबर मिरजेच्या त्याच दर्ग्याच्या आवारात आहे आणि दरवर्षी उरुसाच्या वेळी देशभरातले गायक-वादक तिथे हजेरी लावतात.

शहराची भीती

भीती माणसाला वाटते तशी अख्ख्या शहरालाही वाटते. बराकपूरच्या खाली तासाभरावर असलेल्या कोलकात्याने ती १९४६ आणि १९४७ मध्ये पाहिली. १३ ऑगस्ट १९४७ रोजी गांधीजी बेलियाघाटा भागातल्या हैदरी मंझिल या पडक्या घरात राहायला आले. रोज संध्याकाळी प्रार्थना व्हायची. त्या प्रार्थनेचा साचा साबरमतीच्या आश्रमात तयार झाला होता, आणि तो घडवणाऱ्यांत एक मराठी गवई होते. पंडित विष्णू दिगंबर पलुसकरांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे. 'आश्रम भजनावली' त्यांनीच संकलित केली. कुराणातला पहिला सूरह, अल-फातिहा, या प्रार्थनेत आला तो रेहाना तय्यबजी यांच्यामुळे. रामधून आणि फातिहा एकाच बैठकीत म्हटलं जायचं.

सगळ्यांना हे रुचत होतं असं नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये दिल्लीत काही लोकांनी अल-फातिहाला हरकत घेतली, तेव्हा गांधीजींनी तेवढाच भाग गाळून पुढे जायला नकार दिला. सगळी प्रार्थनाच थांबवली. कोलकात्यातही ३१ ऑगस्टच्या रात्री जमाव त्यांच्या घरावर चालून आला. १ सप्टेंबरला उपवास सुरू झाला आणि ४ तारखेला शहर शांत झाल्यावर सुटला. दंगल प्रार्थनेच्या सुरांनी थांबली, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. ती थांबली उपवासाने आणि पुढाऱ्यांच्या, पोलिसांच्या, विद्यार्थ्यांच्या धावपळीने. पण ज्याच्या आवाजाचीसुद्धा धास्ती वाटते अशा शेजाऱ्याची प्रार्थना शांतपणे बसून ऐकणं, हाही भीती उतरवण्याचाच एक प्रकार आहे. विनोबांनी तो आपल्या पद्धतीने केला. अरबी शिकून मूळ कुराण वाचलं, म्हटलं आणि त्यातून 'कुराणसार' निवडून काढलं.

उलट हाच आवाज भोंग्यावरून आदळला, की आधाराचा त्रास होतो. याच बंगालमध्ये १९९६ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने ओम बिरांगना रिलिजस सोसायटीच्या खटल्यात सांगून टाकलं, की न ऐकण्याचाही नागरिकाला हक्क आहे. देशभर लागू झालेल्या २००० सालच्या ध्वनिनियमांनी रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावरचे ध्वनिक्षेपक बंद केले. जागरण असो, मिलाद असो की गणपती, कुणालाच सरसकट सूट नाही. आजारी माणसाच्या खिडकीखाली लावलेलं भजन हे भजन राहत नाही.

नजरुलची गोष्ट

सूर कितीही जवळचा असला, तरी त्याची धाव कुठवर? या प्रश्नाशी काझी नजरुल इस्लाम यांचं नाव काढल्यावाचून बंगालमध्ये पुढे जाता येत नाही. १९३० मध्ये त्यांचा लाडका मुलगा बुलबुल देवीच्या आजारात गेला. मुलाच्या आजारपणात, त्याच्या उशाशी बसून नजरुल हाफिजच्या रुबायांचा बांगला अनुवाद करत होते. पुस्तक त्यांनी त्याच मुलाला अर्पण केलं. पुढच्या काळात त्यांनी रमजान आणि ईदची गाणी लिहिली आणि त्याच लेखणीने श्यामासंगीतही लिहिलं. १९३१ मध्ये लिहिलेलं, अब्बासउद्दीन यांनी गायलेलं त्यांचं ईदचं गाणं आजही वाजल्याशिवाय बंगालची ईद होत नाही. पोटच्या पोराच्या दुःखातून माणूस सुराच्या काठीने चालत राहिला, असंच म्हणावं लागेल.

पण १९४२ मध्ये त्यांची वाचा अडखळू लागली, स्मृती ढासळू लागली. कोलकात्याच्या लुंबिनी पार्क मनोरुग्णालयात त्यांना काही महिने ठेवलं. १९५३ मध्ये व्हिएन्नातल्या डॉक्टरांनी निदान केलं: मेंदूच झिजत जाणारा, बरा न होणारा आजार. १९७६ मध्ये ढाक्यात त्यांचं निधन झालं. हजारो गाणी रचणारा माणूस आयुष्याची शेवटची चौतीस वर्षं जवळजवळ मुका होता. हा आजार साध्या चिंतेचा नव्हता, आणि त्यावर उपाय तेव्हा नव्हता तसा आजही नाही. तरी बिघाड कशाचा आहे हे कळायला डॉक्टरच लागला, आणि तोवर अकरा वर्षं गेली होती.

कसं ऐकाल?

ओळखीचं निवडा. तिलावत, हरिपाठ, गुरुबानी, चर्चमधलं कॉयर, बासरी, सरोद, काहीही चालेल. ज्यांच्या श्रद्धेत वाद्यसंगीत बसत नाही, त्यांनी केवळ मानवी आवाजातलं पठण घ्यावं, ज्यांचा देवावर विश्वास नाही त्यांनी नुसता तानपुरा. मात्र गेलेल्या माणसाची आठवण उसळून येईल असं गाणं रात्री नको. वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. आवाज इतका ठेवा की बाजूच्या खोलीतलं बोलणं ऐकू यावं. ओळ संपली की श्वास सोडा, पुढची सुरू होईपर्यंत घाई करू नका. आणि संपल्यावर लगेच दुसरं काही लावू नका. बर्नार्डींनीच २००६ मध्ये वेगवेगळ्या प्रकारच्या संगीताची तपासणी केली, तेव्हा मध्ये सोडलेल्या दोन मिनिटांच्या शांततेत हृदयाचे ठोके आणि रक्तदाब सुरुवातीपेक्षाही खाली आले होते. संगीत थांबवायलाही यावं लागतं तर!

मोबाइलवर ऐकणाऱ्यांनी आवडतं पठण आधीच उतरवून ठेवावं. ऐन शांततेत पानमसाल्याची जाहिरात दुप्पट आवाजात अंगावर आली, की सगळी मेहनत वाया जाते. कॅसेटला निदान हा रोग नव्हता.

काही जणांना मात्र याचा उलटा त्रास होतो. पठणात एक अक्षर चुकलं की पहिल्यापासून सुरुवात, वुजू नीट झाला नाही असं वाटून पुन्हा पुन्हा हात धुणं, माळेचे मणी चुकले म्हणून रात्रभर जप. मुसलमान घरांत याला वसवसा म्हणतात, आपल्याकडे 'सोवळं अंगात येणं' म्हणून हसण्यावारी नेतात. जप केला नाही तर घरात काहीतरी वाईट घडेल या धाकाने जो जप होतो, तो भीतीवरचा उपाय नसून भीतीचंच काम असतं. हा मंत्रचळ नावाचा आजार आहे आणि त्यावर चांगले उपचार आहेत.

काळजी कुणाला नसते? पण ती आठवडेच्या आठवडे हटत नाही, झोप-जेवण उडतं, कामावर जाववत नाही, अचानक धाप लागून आता मरतो असं वाटतं, किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार येतात, तेव्हा हेडफोन पुरे होत नाहीत. छातीत दुखत असेल तर आधी हृदय तपासून घ्यायचं, मग मनाचं बघायचं. चालू असलेली गोळी सूर गवसला म्हणून आपल्या मनाने बंद करायची नाही. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये देशभर पाहणी केली, तेव्हा दर शंभर प्रौढांत दहाहून अधिक जणांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक त्रास असल्याचं आढळलं आणि त्यातले बहुतेक उपचारांपर्यंत पोहोचलेच नव्हते. लाज, खर्च आणि 'लोक काय म्हणतील', ही कारणं बराकपूरला वेगळी आणि बारामतीला वेगळी नाहीत.

१० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची 'टेली मानस' ही फोनसेवा सुरू आहे. क्रमांक १४४१६. पैसे लागत नाहीत, दिवसरात्र कधीही फोन करता येतो, आपल्या भाषेत बोलता येतं. बदलीवर बंगालमध्ये राहणाऱ्या मराठी गृहिणीनेही तो फिरवावा आणि सुरुवातीलाच मराठी बोलणारा समुपदेशक मागून घ्यावा.